साडेतीन मिनिटांची घट

फुशारकी मारायचीच असेल तर माणसाने ती पारावर मारावी, साहेबांसमोर मारू नये. हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या टेबलावर 'संगीत' नावाची एक नवी फाईल उघडलेली होती.

मी कारंज्याच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. कोणत्या, ते सांगत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ऑफिसाने कामरगावजवळ एक तलाव खोदवून घेतला. 'आमच्या ऑफिसाने' म्हणजे कागद आमचे, खोदणारे गावचे. त्या वेळी अमरावतीहून एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता आणि त्याने कामाचा सिनेमा काढून नेला. तो सिनेमा सरकारी चालीने दोन-अडीच वर्षांनी, म्हणजे पंचाहत्तरच्या जानेवारीत, डब्यात बसून आमच्याकडे आला. डब्यावर लिहिलं होतं: 'मूकपट. कालावधी अकरा मिनिटे.'

मंगरूळपीरचा देवला मशीनवाला बोलावला, ऑफिसातलं कपाट सरकवलं आणि भिंतीवर सिनेमा लावला. माणसं टिकाव मारत होती, बाया डोक्यावर घमेली घेऊन बांधावर चढत होत्या. सगळे कसे भराभरा, लगबगीने.

"पाहा," साहेब म्हणाले, "दुष्काळातसुद्धा काय उत्साह आहे! आपल्याकडचे लोक आळशी आहेत असं कोण म्हणतं?"

असं साहेबच म्हणत असत, पण आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावलेली मान मात्र मध्येच थांबली. बायांच्या रांगेत तिसरी माझी आई होती. डोक्यावर मुरुमाचं घमेलं, पदर खोचलेला. ती लगालगा वर आली, कॅमेऱ्याकडे वळली, हसली, काहीतरी बोलली आणि निघून गेली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. हेडक्लार्कने मागून शर्ट ओढून मला खाली बसवलं.

माझी आई, भागिरथा, त्र्याहत्तरच्या पावसाळ्याच्या तोंडाशी चार दिवसांच्या तापाने गेली होती. तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तिची निशाणी म्हणावी तर एकच, आमच्या ऑफिसच्या मस्टरवर उमटलेला अंगठा. तो मी कधीकधी मधल्या सुट्टीत काढून बघत असे. यात लपवण्यासारखं काही नाही.

सिनेमा संपल्यावर साहेबांनी अडचण सांगितली. पुढच्या महिन्यात तलावाचं उद्घाटन, त्या संध्याकाळी गावकऱ्यांना हा सिनेमा दाखवायचा. पण मुका सिनेमा लोक बघणार नाहीत, शिट्ट्या मारतील. "याला संगीत पाहिजे. नसेल तर खतांचा बोलपट आहे आपल्याकडे, तो लावू. हे रीळ दुसऱ्या दिवशी अमरावतीला परत जायचं आहे. संगीतातलं कोणाला काही कळतं?"

"मला कळतं, साहेब," मी म्हणालो.

शाळेत प्रार्थनेला टाळ्या वाजवत असे, एवढाच माझा संगीताशी संबंध होता. पण ते चार-पाच सेकंद अमरावतीला परत जाणार होते, आणि माझ्या बाने ते अजून पाहिले नव्हते.

घरी येऊन बाला सांगितलं. माझा बा, ग्यानबा, ओट्यावर बसला होता. आई गेल्यापासून तो तिथेच बसलेला असे. आधी त्याला खरंच वाटेना. मग त्याने विचारलं, "बोलते का थे त्याच्यात?"

"बोलते, पन आयकू येत नाई. मुका सिनेमा हाय."

"बोलत नाई त मंग भागिरथा कशी होईन?" बा म्हणाला. आई झोपेतसुद्धा बोलायची. पण त्या दिवसापासून बा रोज सकाळी दाढी करायला लागला आणि रोज मला एकच विचारायला लागला, "कवा हाय रे थे?"

आता प्रश्न असा, की सिनेमाला संगीत द्यायचं म्हणजे ते कशावर द्यायचं? हा प्रश्न मी चुकून आमचे शेजारी रामराव यांच्यासमोर काढला. रामराव रिटायर कंपाउंडर. चाळीस वर्षं लोकांच्या घशात औषध ओतल्यामुळे सल्लाही ते तसाच देतात, नाक दाबून.

"देवमनबाबू, पेटी घ्या, पेटी. पेटीले तोड नाई."

"पेटी शिकायले किती दिवस लागतात?"

"चांगला मास्तर भेटला त सात-आठ वर्सं."

उद्घाटनाला सव्वीस दिवस होते. मग रामरावांनी माउथ ऑर्गन सुचवला. पण माझा एक पुढचा दात नाही, आणि त्या फटीतून हवा जाईल असं कंपाउंडर या नात्याने त्यांनीच मला तपासून सांगितलं. मग त्यांनी प्रेमसिंगचा लग्नातला बँड सुचवला. प्रेमसिंगकडे गेलो तर तो म्हणाला, "दुष्काळाचं आपल्याजवळ काई नाई. वरात हाय नाहीतर मयत हाय. बोला, कोनचं वाजवू?" मी दोन्हीला नको म्हणालो.

शेवटी फूलचंदशेठच्या दुकानात गेलो. शेठचं दुकान कटलरीचं, पण काचेच्या कपाटात तीन वाद्यं होती: एक जुनी पेटी, एक बासरी आणि एक बुलबुलतरंग. बुलबुलतरंग मी पहिल्यांदाच नीट पाहिला. लाकडी पेटीवर तारा, आणि त्या दाबायला चक्क टाइपरायटरसारखी बटणं! माझ्या मनात उजेड पडला. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे, मिनिटाला तीस शब्द. जो माणूस न बघता जोडाक्षर काढू शकतो त्याला सूर काढायला काय अडचण? आजही मला हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो.

"बाबू, मी इकून राह्यलो म्हनून सांगत नाई," शेठ म्हणाले, "पन तुमी बासरी घ्या. निदान आवाज हळू येते. लोकाइले तरास नाई."

मी ऐकलं नाही. आता खरेदी ऑफिसातून करायची होती. स्टोअरच्या क्लार्कने विचारलं, संगीत कोणत्या सदरात? लेखनसामग्रीत बसत नाही, अवजारांत बसत नाही. मी म्हटलं, याला टाइपरायटरची बटणं आहेत, लेखनसामग्रीत टाका. त्याने बटणं पाहायला मागितली. शेवटी 'किरकोळ, कार्यालयीन' या सदरात बुलबुलतरंगाला जागा मिळाली, पण तीन कोटेशनं हवी होती. कारंज्यात बुलबुलतरंग एकाच दुकानात एकच. मी पुन्हा शेठकडे गेलो. त्यांनी एक कोटेशन स्वतःच्या नावाने दिलं, एक भाऊ प्रेमचंदच्या आणि एक पत्नी राजमतीबाईंच्या.

"खोटं बोलू नये असं आमच्यात रोज सकाळी म्हनतात," सही करता करता शेठ उदास होऊन म्हणाले, "पन तुमचं सरकार एकदा सांगितलेलं खरं मानत नाई, त काय करता?"

अशा रीतीने बुलबुलतरंग घरी आला. पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या दुर्गाबाईंची म्हैस दूध आखडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी चरवी घेऊन आमच्या दारातच ठाण मांडलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "लिलाबाई, बाबूचं काई दुखून राह्यलं का?"

"सरकारी काम हाय," लिलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान नव्हता, पण तिने दार लावलं नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

काम मी पद्धतशीर केलं. देवलाला दर रविवारी मंगरूळपीरहून एसटीने बोलावून सिनेमा पुन्हा पाहिला आणि घड्याळ लावून टिपण केलं. बाहेरच्या माणसाला उद्घाटनाआधी रीळ दाखवायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती, म्हणून बाला नेता येत नव्हतं. ते टिपण फुलस्केपवर तीन प्रतींत होतं. 'विषय: टिकाव मारणे. संदर्भ: वरच्या तारेवरील तिसरे बटण.' त्यात एक गंभीर गोष्ट माझ्या लक्षात आली. डब्यावर अकरा मिनिटं लिहिलेली होती आणि सिनेमा साडेसात मिनिटांतच संपत होता. दर वेळी मोजलं, दर वेळी तेवढाच. मी तत्काळ टिपणी सादर केली: 'प्राप्त रिळात साडेतीन मिनिटांची घट आढळते.' साहेबांनी समासात लिहिलं, 'अमरावतीस खुलासा विचारावा.' मी विचारला. इतकं चोख काम मी त्या वर्षात दुसरं केलं नाही.

पण वेळ कमी भरत असली तरी त्यातली माणसं भारी वेगाने काम करत होती. त्यांच्या बरोबरीने वाजवायचं तर माझी बोटं पुरत नव्हती. तीस शब्दांची परीक्षा पास झालेल्या माणसाला साठ शब्दांचा सिनेमा आला होता. मी दातओठ खाऊन बटणं दाबायचो आणि त्यातच ओट्यावरून टक, टक, टक असा आवाज यायचा. बा भिंतीला टेकून, डोळे मिटून, खाटेच्या खुरावर बोटांनी ठोकायचा. हळू. माझ्या वाजवण्याशी त्याचा काही मेळ नसायचा.

एक दिवस माझा तोल गेला. "बा, तू कायले ठोकून राह्यला? माहा ताल चुकते!"

बाने बोटं आखडून घेतली. "नाई ठोकत," म्हणाला आणि हात मांडीखाली घालून बसला.

हे मी त्याला बोलायला नको होतं. बा एके काळी पंचक्रोशीत डफडं वाजवायचा. कोणाचं लग्न असो, मयत असो, पोळ्याचे बैल असोत, आमच्या घरचं डफडं पुढे असायचं आणि बाने मात्र दाराच्या आत पाय टाकायचा नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्याने डफडं फोडलं आणि त्याचं लाकूड आईने चुलीत घातलं. त्यावर तापवलेल्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. पुन्हा कोणाच्या दारी वाजवणार नाही, असं बाने सगळ्यांसमोर सांगितलं आणि अठरा वर्षं पाळलं. खाटेच्या खुराबद्दल तो काही बोलला नव्हता, पण ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मी पुन्हा बटणांकडे वळलो.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बाने पांढरं धोतर नेसलं, टोपी दोनदा झटकली. कामरगावला पोचलो तर तलावाच्या बांधावर मांडव, पुढे पांढरा पडदा, मागे जनरेटरची गाडी. साहेबांच्या हस्ते उद्घाटनाला श्रमाचं प्रतीक म्हणून स्टोअरमधून पंचवीस नवी घमेली आणली होती. त्यांना हळदीकुंकू लावून एका बाजूला उतरंड रचली होती. बा तिथेच, त्या घमेल्यांना टेकून बसला.

भाषणं झाली. दिवेलागण झाली. साहेबांनी माईकवरून सांगितलं, "आता आमचे संगीतकार श्री. देवमन यांनी स्वतः रचलेल्या संगीतासह..." संगीतकार! मी बुलबुलतरंग मांडीवर घेतला. समोर सगळं गाव, रामराव कारंज्याहून मुद्दाम आलेले, आणि मागे देवलाने मशीन सुरू केलं.

पहिलं मिनिट बरं गेलं, म्हणजे कोणी उठून गेलं नाही. दुसऱ्या मिनिटाला लोक टिकाव मारायला लागले आणि मी घाम पुसायची सोय नसल्यामुळे मान हलवून तो उडवायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला संदर्भ क्रमांक नऊ, 'दगड वाहणे', यात मी इतक्या जोरात बटण दाबलं की मुख्य तार तुटली. तुटली ती सरळ माझ्या गालावर आली. दुसऱ्या तारेवर वाजवायला गेलो तर तिनेही पहिलीची वाट धरली.

पडद्यावर माणसं मुकाट्याने धावत होती. मागून पहिली शिट्टी आली, मग दुसरी. साहेब वळले आणि हाताने खूण करत देवलाला म्हणाले, "बंद करा. खतांचा लावा."

मला उठून सांगायचं होतं की साहेब, एक मिनिट थांबा, माझी आई आता येईल. पण गालावरून रक्त येत होतं आणि मी सरकारी वाद्य पोटाशी धरून बसलो होतो. इतका नालायक मी मला कधीच वाटलो नव्हतो.

तेवढ्यात उजवीकडून आवाज आला. टण... टण... टण. बाने उतरंडीवरचं एक घमेलं मांडीवर उपडं घेतलं होतं आणि तो हाताने वाजवत होता. हळू, एकेक.

"बा!" मी कळवळून म्हणालो. अठरा वर्षांची आण, आणि माझ्यासारख्या माणसापायी मोडली, असं मला वाटलं.

"डफडं नोय हे," बा माझ्याकडे न बघता म्हणाला. "घमेलं होय. आन कोनाच्या दारी नाई वाजवून राह्यलो मी."

"बाबा, थांबा जरा," साहेब म्हणाले. "ताल जुळत नाहीये. बघा ना, लोक किती वेगाने चाललेत."

"थेच म्हनतो मी," बा म्हणाला. आता तो साहेबांशी बोलत होता, पण हात थांबला नव्हता. "काहून पयतात हे? मी व्हतो ना तठी. मीच घमेली भरून देत जावो. पोटात अन्न नाई, डोक्शावर मुरूम, आन चढ. कोन पयते असं? तुमचं मशीन लबाड हाय सायब."

"खरं हाय," बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला. मग दुसरा, तिसरा. त्यातल्या निम्म्या बाया पडद्यावर होत्या. "अवो, आमाले उभं राह्यवत नोतं, आन हे पाहा, आमी नाचून राह्यलो!"

देवला मशीनवर वाकला. त्याने बॅटरी मारून मशीनच्या बाजूला कुठेतरी पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं एक खटका आहे. एकीकडे बोलपट, एकीकडे मूकपट. मूकपटाला मशीन हळू फिरवायचं असतं. मी आजवर बोलपटच लावले. याला कधी हात नव्हता लावला." आणि त्याने खटका पाडला.

सिनेमा हळू झाला. मला ते नीट सांगता येत नाही. धावणारी माणसं एकदम थकली. टिकाव वर जाताना जड झाला. बायांच्या माना ताठल्या, पाय चाचपत पडायला लागले, आणि प्रत्येक पाय बरोबर बाच्या हातावर पडत होता. टण... टण... कोणी शिट्टी मारली नाही. साहेब खाली बघत होते. उत्साहाबद्दल ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

मग रांग आली. पहिली बाई, दुसरी बाई, आणि आई. डाव्या पायात तिला कुरूप होतं, त्यामुळे ती तो पाय जरा तिरपा टाकायची. हे मी विसरूनच गेलो होतो. बा विसरला नव्हता. त्याच्या हातातला एक ठोका तिच्यासाठी जरा उशिरा पडत होता. ती बांधावर आली, कॅमेऱ्याकडे वळली, हसली आणि तोंड उघडून बोलली. बाने हात थांबवला.

"'फोटू काय काढता बावा,'" बा मोठ्याने, तिच्या ठसक्यात म्हणाला, "'घमेलं उचला!'"

ती तसंच म्हणाली होती. ओठ आता स्पष्ट दिसत होते. आणि सगळं गाव हसलं. बाया तर डोळे पुसत हसत होत्या. आईने बोलावं आणि चारचौघांनी हसावं, हे आमच्या वाट्याला पावणेदोन वर्षांनी येत होतं. पडद्यावर ती पुढे निघून गेली. बाने पुन्हा वाजवायला सुरुवात केली आणि सिनेमा संपेपर्यंत वाजवत राहिला. सवय असूनही मी घड्याळ पाहिलं नाही. देवलाने नंतर सांगितलं, तसं चालवलं तर पुरी अकरा मिनिटं भरतात.

रीळ दुसऱ्या दिवशी गेलं. आठवड्याभराने अमरावतीचा खुलासा आला: 'रीळ पूर्ण आहे. घट आपल्या कार्यालयाकडील दिसते.' मी तो फाईलला लावला. बुलबुलतरंग तारांसकट, म्हणजे तारांच्या तुकड्यांसकट, स्टोअरमध्ये जमा केला. दुर्गाबाईंची म्हैस दूध देऊ लागली.

राहिलं एकच. स्टोअरच्या क्लार्कने नोंद पाठवली की घमेली पंचवीस गेली आणि चोवीस आली. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन बाला म्हटलं, "बा, थे घमेलं सरकारी हाय. वापस द्या लागते."

ते त्याच्या खाटेच्या उशाशी होतं. हळदीकुंकू अजून तसंच. बाने त्यावर हात ठेवला.

"नाई देत. तुह्या सायबाले सांग, भागिरथा घेऊन गेली."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी रजिस्टर उघडलं. आधी 'हरवले' लिहायला पेन उचललं. मग मस्टर काढलं, त्यातला तो अंगठा पाहिला, अनुक्रमांक पाहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'घमेले, नग एक. मजूर भागिरथा ग्यानबा, मस्टर अनुक्रमांक एकशे बारा, यांच्या ताब्यात.'

रजिस्टर साहेबांकडे गेलं. मी टेबलाशी उभा होतो. साहेबांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. नेहमीसारखं 'चर्चा करावी' लिहितील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.